पेवाचे तोंड कुणाला दाखवायचे?



पूर्वी आपल्याकडे ज्वारी पेवात ठेवत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर दूरदूरच्या व्यापाऱ्यांना माहीत होती. जमिनीत खोल खड्डा, वर अरुंद तोंड, आणि ते तोंड मातीने लिंपून बंद केलेले. एखाद्याच्या वाड्यात पेव आहे ही गोष्ट गावापासून लपलेली नसे. सुगीत पोती आणून रिती करणारे गडी ते बघतच असत. पण पेव उघडायचे ते घरच्या कर्त्या माणसाच्या देखत. कुणी परका येऊन म्हणाला असता, "जरा पेव उघडा, दाणा नीट आहे का ते बघतो," तर त्याला आल्या वाटेने परत पाठवले असते.

आज आपला दाणा बाजार समितीत जातो आणि पैसा बँकेत. उसाचे बिल, दुधाचे बिल, कांद्याची पट्टी, पीकविम्याची भरपाई, सारे खात्यावर जमा होते. २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत खात्यावर येऊ लागले. २०२३ साली राज्याने त्याला नमो शेतकरी योजनेची जोड दिली. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली आणि ज्या माउलीने कधी बँकेची पायरी चढली नव्हती, तिच्याही नावाचे खाते चालते झाले. फार चांगले झाले. हातात रोकड देणारा मधला माणूस गेला, त्याची कापाकापी गेली.

पण जिथे दाणा तिथे उंदीर. आता उंदीर भिंत पोखरत नाही, फोन करतो. आणि गंमत अशी, की तो आपल्याकडे पैसे मागत नाही. तो फक्त माहिती मागतो. म्हणून कोणती माहिती द्यायची आणि कोणती नाही, हे आज नीट समजून घेऊ. "कुणाला काही सांगू नका" असे म्हणून भागत नाही. खाते नंबर न सांगता उसाचे बिल कसे मिळणार?

येण्याची वाट आणि जाण्याची वाट

खात्याच्या माहितीचे दोन ढीग करा.

पहिला ढीग पैसा येण्याच्या वाटेचा. आपले नाव, खाते नंबर, बँकेची शाखा आणि शाखेचा आयएफएससी क्रमांक. हे सारे पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेले असते. साखर कारखाना, दूध संस्था, आडत्या, कृषी खाते यांना हे द्यावेच लागते. नुसत्या एवढ्यावर कुणाला आपले पैसे काढता येत नाहीत. वाड्यात पेव आहे हे कळण्यासारखेच ते आहे.

दुसरा ढीग पैसा जाण्याच्या वाटेचा. एटीएम कार्डाचा पिन. कार्डावरचा सोळा आकडी क्रमांक, त्याची मुदत आणि मागच्या बाजूचे तीन आकडे. फोनवरून पैसे पाठवण्याचा यूपीआय पिन. मोबाइलवर येणारा ओटीपी. आणि आपला अंगठा. हे पेवाचे तोंड.

आता एकच वाक्य घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घ्या: पैसा येण्यासाठी दुसऱ्या ढिगातले काहीही लागत नाही. हप्ता जमा व्हायला पिन लागत नाही. विम्याची भरपाई यायला कार्डामागचे तीन आकडे लागत नाहीत. म्हैस विकली आणि गिऱ्हाईक फोनवरून पैसे टाकतो म्हणाला, तर आपल्याला कोणता चौकोनी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही दाबावा लागत नाही. "पैसे देतो, पण त्यासाठी तुमचा पिन टाका" असे जो म्हणेल, तो देणारा नव्हे, नेणारा आहे.

पहिला ढीग द्यायला हरकत नाही म्हटले, म्हणून तो वाटत सुटायचा नाही. फसवणारा फोन करतो तेव्हा आपले नाव, गाव, बँक, खात्याचे शेवटचे आकडे घडाघडा सांगतो. आपल्याला वाटते, बँकेतलाच असल्याशिवाय याला एवढे कसे ठाऊक? ते ठाऊक होते झेरॉक्सच्या दुकानात टाकून दिलेल्या बिघडलेल्या प्रतींवरून, किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या पासबुकाच्या फोटोवरून. बिघडलेली प्रत फाडून घरी आणावी. जी प्रत द्यायची तिच्यावर आडवे लिहावे, "फक्त पीकविमा अर्जासाठी", खाली तारीख आणि सही. आधारची प्रत देताना पहिले आठ आकडे झाकलेले आधार मिळते, ते चालत असेल तिथे तेच द्यावे.

डाव कसे टाकतात

पहिला डाव घाईचा. "केवायसी राहिली आहे, संध्याकाळपर्यंत केली नाही तर खाते बंद." किंवा, "तुमचा हप्ता अडकला आहे, आता आलेला नंबर सांगा म्हणजे सोडतो." माणूस घाबरला की विचार करत नाही, हे त्यांना पक्के माहीत असते. खाते खरोखर अडले असेल तर ते उद्या शाखेत जाऊनही सुटते. फोन ठेवावा आणि सवडीने पासबुक घेऊन शाखेत जावे. बँकेचा नंबर मोबाइलवर शोधू नये, कारण तिथेही खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेला नंबरच खरा.

दुसरा डाव जुना, पण अजून फळतो. मोबाइलवर संदेश येतो की तुमच्या खात्यात १०,००० रुपये जमा झाले. पाठोपाठ फोन येतो, "दादा, चुकून तुमच्याकडे गेले, दवाखान्याचे पैसे आहेत, परत पाठवा." संदेश खोटा, पैसे आलेलेच नाहीत, आपण परत पाठवतो ते आपल्या पदरचे. आपला माणूस दयाळू आहे, त्याचाच हा फायदा. आधी खात्यातली शिल्लक बघावी. बँकेचे संदेश बहुधा इंग्रजीत येतात, तेव्हा दोन शब्द घरात सगळ्यांना ठाऊक हवेत: क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले. शाळेत जाणाऱ्या नातीला सांगा, ती दाखवील. पैसे खरोखरच चुकून आले असतील तर बँकेला कळवावे, बँक ते रीतीने परत करील.

तिसरा डाव सगळ्यांत वाईट, कारण त्यात आपण तोंडाने काहीच सांगत नाही. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. कधी ती पीएम किसानच्या नावाने असते, कधी गाडीच्या दंडाच्या चलनाच्या नावाने, आणि कधी चक्क लग्नपत्रिका म्हणून. नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. हा फोटो नव्हे की कागद नव्हे. हा फोनमध्ये बसणारा चोर आहे. दाबले की फोन विचारतो, "इन्स्टॉल करू का? संदेश वाचायची परवानगी देता का?" आपण हो म्हटले की आपल्या फोनवर येणारा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. लग्नपत्रिकेला कसली परवानगी लागते? पत्रिका नुसती उघडते आणि दिसते. पाठवणारा ओळखीचा असला तरी सावध राहावे, कारण त्याच्या फोनमध्ये घुसलेला चोरच ती फाइल पुढे पाठवत असतो. चुकून दाबले गेलेच, तर फोनचे इंटरनेट बंद करावे, सिमकार्ड काढावे आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवावे.

मदत घ्यावी, पण कशी?

आता खरी अडचण. आपल्यातल्या पुष्कळांना ही कामे स्वतः जमत नाहीत. सेवा केंद्रातला मुलगा, बँकमित्र, शेजारचा शिकलेला पोरगा यांच्याशिवाय चालत नाही. "ओटीपी कुणालाही सांगू नका" असे सगळीकडे लिहिलेले असते, आणि पीएम किसानची केवायसी करायला केंद्रात गेले की तिथला मुलगाच म्हणतो, "काका, ओटीपी सांगा." मग माणसाने करायचे काय?

इथे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला प्रश्न: काम काढून मी गेलो, की तो आला? आपण होऊन केंद्रात गेलो, समोर बसलो, आपल्या डोळ्यांदेखत आपला अर्ज भरला जात आहे, आणि त्याच कामाचा ओटीपी आला, तर गोष्ट निराळी. पण फोनवरून किंवा दारात येऊन कुणी मागितला, तर तो कोणीही असो, द्यायचा नाही. दुसरा प्रश्न: हा ओटीपी कशाचा आहे? संदेशात ते लिहिलेले असते. आकडे सांगण्याआधी संदेश पूर्ण वाचावा, किंवा वाचून घ्यावा. त्यात बँकेचे नाव आणि रक्कम असेल तर तो पैसे काढण्याचा ओटीपी आहे. तो केंद्रात समोर बसूनही द्यायचा नाही. आधारच्या ओटीपीलाही किरकोळ समजू नये. आपला फोन हातात आणि आधारचा ओटीपी मिळाला, तर त्यावरून यूपीआयचा नवा पिन तयार करता येतो. म्हणून फोन दुसऱ्याच्या हाती सोपवून चहाला जायचे नाही. फोन आपल्या हातात, काम त्याच्या हातात.

अंगठ्याचेही तसेच. बँकमित्राच्या यंत्रावर आधार नंबर आणि अंगठा देऊन पैसे काढता येतात. म्हाताऱ्या माणसांची त्याने मोठी सोय झाली आहे. अंगठा ठेवण्यापूर्वी पडद्यावरची रक्कम बघावी. "उमटला नाही, पुन्हा ठेवा" असे म्हटले तर आधी विचारावे, पहिल्या खेपेला काय झाले? पावती मागावी. एकदा ठेवलेल्या अंगठ्याचे पैसे वळते झाले असतील तर दुसऱ्या अंगठ्याला दुसऱ्यांदा जातील. पावती न देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. देशात काही ठिकाणी खरेदीखतावरच्या अंगठ्याचे ठसे उचलून खोटे अंगठे बनवल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. ज्यांना अंगठ्याने पैसे काढायची गरजच पडत नाही, त्यांनी आधारमधली बोटांच्या ठशांची सोय कुलूपबंद करून ठेवावी. आधारच्या मोबाइल ॲपवर ती करता येते. मात्र कुलूप लावले की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, तेव्हा त्या दिवशी कुलूप काढून नंतर पुन्हा लावावे लागते, हे ध्यानात ठेवा.

आणि भाच्याजवळ कार्ड देऊन, पिन सांगून, "तालुक्याला चाललाच आहेस तर चार हजार काढून आण" असे म्हणण्याची पद्धत आता सोडा. भाचा प्रामाणिक असेल, त्याबद्दल शंका नाही. पण एटीएमवर त्याच्या मागे उभा असलेला कोण आहे? उद्या काही झाले तर संशय भाच्यावर येईल आणि नाते तुटेल. पिन घरात ठेवण्याने नातीही सांभाळली जातात.

थोडी व्यवस्था आधीच करून ठेवा

सुगीचा मोठा पैसा ज्या खात्यात येतो ते खाते फोनला जोडू नये. दुसरे छोटे खाते काढावे, त्यात महिन्याच्या खर्चापुरते ठेवावे आणि फोनवरून द्यायचे-घ्यायचे त्याच्यातून. चोर शिरलाच तर ओसरीतले जाईल, माजघरातले राहील. कार्डाचा ऑनलाइन वापर लागत नसेल तर बँकेला सांगून बंद करावा.

पीककर्जाच्या किसान क्रेडिट कार्डाची काळजी तर दुप्पट घ्यावी. बचत खात्यातले गेले तर साठवलेले जाते. पीककर्जाच्या खात्यातले गेले तर न वापरलेले कर्ज आपल्या बोकांडी बसते आणि वर त्याचे व्याज चढते. पेरणी न करता खंड भरण्यासारखेच ते.

बँकेत जो मोबाइल नंबर दिला आहे तो आजही आपलाच आहे ना, हे एकदा शाखेत जाऊन बघा. पुष्कळ जण रिचार्ज संपला की जुने सिम टाकून देतात. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला देता येतो. बँकेत तोच जुना नंबर राहिला असेल, तर आपल्या खात्याचे संदेश आणि ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत असतात. घरातल्या बायकांच्या खात्यांकडे तर विशेष लक्ष द्यावे. योजनेच्या घाईत अर्ज भरणाऱ्याने भलताच नंबर घातला असेल, तर बहिणीचे पैसे आले की गेले हे तिला कळणारच नाही.

आणि एक मोठा धोका. "तुमचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम सहा महिने आम्हाला द्या, महिन्याला इतके भाडे देतो," असे सांगणारे लोक फिरतात. घरबसल्या पैसे मिळतात म्हणून गरजू पोरे भुलतात. ते लोक दुसऱ्याचे लुटलेले पैसे आपल्या खात्यातून फिरवतात. पोलीस शोधत येतात ते ज्याच्या नावाचे खाते आहे त्याच्या दारात. खाते गोठते, आणि त्याच खात्यात येणारा योजनेचा हप्ताही अडकतो. शेत खंडाने देता येते, खाते देता येत नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलांना हे आजच सांगा.

गेलेच तर

बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये म्हणून वरचे सगळे. पण बैल गेलाच, तर कपाळाला हात लावून बसायचे नाही. गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. तो वाटेत कुठे थांबलेला सापडला तर रोखता येतो. त्यासाठी १९३० हा सरकारचा मदत क्रमांक आहे. आपल्या बँकेला आणि १९३० ला, दोन्हीकडे, लगेच कळवावे. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. खाते नंबर, किती रुपये गेले, किती वाजता गेले आणि संदेशातला व्यवहार क्रमांक जवळ ठेवावा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी. मग पोलीस ठाण्यात जावे.

वेळ लिहून घेण्यामागे कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढून जबाबदारी कुणाची ते ठरवून दिले. बँकेची चूक नाही, आपलीही नाही, तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले, आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण कळवले, तर भुर्दंड आपल्यावर नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतच आपल्यावर. पिन वा ओटीपी आपणच सांगून बसलो असलो, तर कळवण्याच्या क्षणापर्यंत गेलेले आपले. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे ओटीपी सांगून चुकलेल्या माणसालासुद्धा लवकर कळवण्यात फायदा आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि त्याला फी पडत नाही.

शेवटी घरातल्या कर्त्या मंडळींना एक सांगणे. असे पैसे गेले की पुष्कळदा ज्याच्या हातून गेले तो बोलतच नाही. सासऱ्याला वाटते, पोरे हसतील. सुनेला वाटते, घरात बोलणी बसतील. दोन दिवस, चार दिवस ती गोष्ट पोटात ठेवतात, आणि तेवढ्यात पैसा दहा खाती ओलांडून जातो. चोराचे निम्मे काम आपल्या घरातली भीती करते. म्हणून आज रात्री जेवताना सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलून ठेवा: "कुणाच्या हातून असे काही झाले तर मध्यरात्री उठवून सांगा. कुणी रागवणार नाही. आधी फोन करू, मग बाकीचे बघू." आणि १९३० हा आकडा चुलीजवळच्या भिंतीवर, पाहुण्यारावळ्यांनाही दिसेल असा, ठळक लिहून ठेवा. लपवायचा तो पिन. हा आकडा लपवायचा नाही.